दिवाळीच्या कामट्या, जुन्या पत्रिका आणि नाताळचा तारा

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून जे बनवलं जातं, त्यातलं निम्मं २५ डिसेंबरच्या आधीच मान टाकतं. ताऱ्याचा कागद दवाने सैल पडतो, लग्नपत्रिकेचे गोळे उकलतात, दुधाच्या पिशवीवर लावलेला फेव्हिकॉल दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा निघून येतो. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. जोड चुकीचा निवडलेला असतो. म्हणून आधी कशाला काय धरतं ते पाहू. मग तारा, गोठा (ख्रिस्तजन्माचा देखावा) आणि झाडावर टांगायच्या वस्तू.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तारा त्या आठवड्यात सुरू करावा, गोठा १० डिसेंबरच्या सुमारास. दिवाळी नुकतीच झालेली असते, म्हणजे फाटका आकाशकंदील, त्याच्या कामट्या आणि दिव्यांची माळ माळ्यावर जायच्या बेतात असतात. ते सगळं आधी खाली काढा.

कशाला काय धरतं

कागदावर कागद आणि कागदावर सुती कापड चिकटवायला खळीसारखं दुसरं काही नाही. स्वस्त असते, कागद ताणून धरते आणि पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने सुटतेही. ५० ग्रॅम मैदा (सहा सपाट मोठे चमचे) १०० मिली थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. २०० मिली पाणी उकळलं की त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळत राहा. पिठाचा पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. लवकर उतरवलेली खळ वाळल्यावर भुगा होऊन झडते. गरम असतानाच अर्धा छोटा चमचा तुरटीची पूड घाला, म्हणजे ती लवकर आंबत नाही. बाहेर दोन दिवस टिकते, फ्रिजमध्ये चार-पाच. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत, त्याने कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे. मुलं हात घालणार असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

गुळगुळीत लॅमिनेशन असलेल्या पत्रिकेवर खळ धरत नाही. जिथे जोड येणार तेवढ्याच जागी पॉलिश पेपर घासून चकाकी उडवा आणि फेव्हिकॉल लावा. दुधाच्या पिशव्या, टेट्रापॅकची चंदेरी बाजू आणि शीतपेयाच्या बाटल्या यांवर खळ आणि फेव्हिकॉल दोन्ही वाया जातात, कारण त्यांच्यात ओल शिरायला जागाच नसते. त्यांना टाचणयंत्राची पिन, गाठ किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी हवी.

थर्माकोल यात धरलेला नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. जळालेले सीएफएल दिवेही सजावटीला घेऊ नका. फुटले तर आतला पारा घरात पसरतो.

तारा

वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत डिसेंबरात दारोदारी दिसतो तो पाच टोकांचा, दोन्ही बाजूंनी फुगीर तारा. त्याला लागतात ६२ सेंमीच्या दहा कामट्या आणि १३ सेंमीच्या पाच आडव्या काड्या. कामटी बोटाच्या पेराएवढी रुंद नको. ६ ते ८ मिमी रुंदी आणि ३ मिमी जाडी पुरते. बांधायला सुतळीपेक्षा सायकलच्या पंक्चर ट्यूबच्या अर्धा सेंमी रुंद पट्ट्या बऱ्या, कारण रबर बांबूवरून घसरत नाही. कामट्या कोरड्या खणखणीत झाल्या असतील तर दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर फुगवटा देताना नेमकी शेवटची मोडते.

सगळ्यात महत्त्वाचं काम खुणांचं. प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून १ सेंमी आत खूण करा. ही टोकाची गाठ. या दोन खुणांमध्ये आता ६० सेंमी उरतात. प्रत्येक टोकाच्या खुणेपासून २३ सेंमीवर आणखी एक खूण करा. मधे १४ सेंमी राहतील. पाच टोकांच्या ताऱ्यात कामट्या एकमेकींना इथेच छेदतात, ताऱ्याचा आकार कितीही असो. लहान तारा करायचा तर हेच प्रमाण ठेवा: टोकांच्या खुणांमध्ये ४० सेंमी असतील तर १५.३, ९.४, १५.३; ३० सेंमी असतील तर ११.५, ७, ११.५. नजरेने बांधलेला तारा हमखास एका पायाने लंगडा होतो आणि कागद लावायला घेतल्यावरच ते लक्षात येतं.

पाच कामट्या जमिनीवर ठेवा, पेन्सिल न उचलता तारा काढतो तशा. प्रत्येक कामटी एकीवरून गेली की दुसरीखालून न्या. अशी वीण घातली की छेद आपोआप अडकतात. आधी पाच टोकं बांधा, मग खुणा जुळवून पाच छेद. कामटीचं पेर छेदाजवळ येऊ देऊ नका. पेराशी कामटी वाकत नाही आणि त्या बाजूचा फुगवटा चपटा राहतो. अशाच दुसऱ्या पाच कामट्यांचा दुसरा सांगाडा करा, एकावर एक ठेवा आणि फक्त टोकाला टोक आवळून बांधा.

आता आडव्या काड्या. दोन्ही टोकांना कामटी बसेल अशी खाच पाडा. खाचेपासून खाचेपर्यंत १२ सेंमी, म्हणजे कामटीचा पाचवा भाग. पुढच्या सांगाड्याचा छेद आणि मागच्या सांगाड्याचा तोच छेद यांच्यामध्ये काडी उभी करून दोन्हीकडे बांधा. एक बसवली की लगेच शेजारची घेऊ नका, एक सोडून पुढची घ्या. चाकाचे नट आवळताना करतात तसंच. एका बाजूनेच ताण आला तर टोकाच्या गाठी सरकतात. पाचही बसल्या की सांगाडा उचलून बघा: हाताने पिळला तरी जागेवर यायला हवा.

कामट्याच नसतील तर वर्तमानपत्राच्या नळ्या होतात. विणायच्या सुईवर कागद तिरका गुंडाळला की ताठ नळी मिळते. पण नळी वाकवली की तिथेच दुमडते, म्हणून तिचा तारा फुगीर करता येत नाही. सपाट करा आणि घरात भिंतीवर लावा. गॅलरीत टांगलात तर दोन रात्रींत लोंबेल.

कागद चढवणं

वर्तमानपत्र ताऱ्यावर लावू नये. उजेड अडतो आणि दिवा लावला की मागच्या पानावरची जाहिरात उलटी वाचता येते. शर्टाच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा कागद, उरलेला पतंगाचा कागद किंवा जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा उत्तम. कागद अर्धपारदर्शक व्हावा म्हणून त्याला तेल लावण्याची एक जुनी युक्ती आहे. ती टाळावी, आठवड्याभरात त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसते.

ताऱ्याला एकूण २२ तुकडे लागतात. पुढे-मागे मिळून दहा त्रिकोण (बाजू २३, २३, पाया १४ सेंमी), कडेचे दहा त्रिकोण (२३, २३, पाया १२) आणि दोन पंचकोन (बाजू १४). पंचकोन कोनमापकाने काढत बसू नका, सांगाडाच कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवा. सगळीकडे दीड सेंमी जादा ठेवून कापा. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. आधी कडेचे त्रिकोण, मग पुढचे-मागचे, शेवटी पंचकोन. म्हणजे कडेचे दुमडलेले भाग पुढच्या कागदाखाली झाकले जातात. तारा एक टोक वर करून टांगला की खाली दोन पायांमध्ये खाच राहते. त्या खाचेच्या दोन कडेच्या त्रिकोणांपैकी एक फक्त एकाच बाजूने चिकटवा. ती दिव्याची खिडकी.

कागद लावताना तो थोडा सैल राहणारच. ओढून ताणू नका, फाटेल. खळ पूर्ण वाळू द्या, निदान पाच-सहा तास. मग इस्त्रीच्या फवाऱ्याने लांबून हलकं पाणी मारा. कागद ओला होऊन आधी जास्तच सैल दिसतो आणि घाबरायला होतं, पण वाळताना आकसून ढोलकीसारखा ताठ होतो. खळ ओली असताना हे केलंत तर मात्र सगळा कागद हातात येईल. साडीच्या कापडावर हा उपाय तितका चालत नाही; कापड आधी पातळ खळीत बुडवून, पिळून, ओलंच चढवावं.

जुन्या साडीचा जरीचा काठ कामट्यांवरून लावला की सांधे झाकले जातात आणि उजेडात कडा उठून दिसतात. खाली शेपटी हवी असेल तर धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या दोन सेंमी रुंद झिरमिळ्या कापा. दव आणि वारा दोन्ही सोसतात. त्या चिकटवायच्या नाहीत, कामटीला गाठ मारायची. शेपटी फार भरघोस केली की तारा पुन्हा आकाशकंदीलच दिसू लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

दिवा

१२ सेंमी खोलीच्या ताऱ्यात मध्यापासून कागद फक्त ६ सेंमीवर असतो. जुना ४० किंवा ६० वॉटचा तापणारा बल्ब इथे चालणार नाही. कागद आधी तपकिरी पडतो, मग करपतो. एकच एलईडी बल्ब लावला तर मध्यभागी पांढरा डाग आणि टोकं काळोखी. त्यापेक्षा दिवाळीची एलईडी माळ एक लिटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीवर गुंडाळा आणि ती बाटली वरच्या टोकापासून दोरीने मधोमध टांगा. ८ सेंमी व्यासाची बाटली आत सहज मावते, उजेड सगळीकडे पसरतो आणि कागदाला काहीच टेकत नाही. माळेचा शेवटचा हातभर भाग टोकांकडे सोडला तर पायही उजळतात.

वजन दोरीने पेलायचं, वायरने नाही. वायर खालच्या खिडकीतून बाहेर काढा आणि भिंतीकडे नेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. दवाचं पाणी त्या झोळातून ठिबकतं, सॉकेटपर्यंत जात नाही. वायरला जोड असेल तर तो घराच्या आत ठेवा, गॅलरीत नको.

गोठा

इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरा चारा होता. आपल्याला खोकं पुरे. मात्र खोकं पाहून मूर्ती ठरवू नका, मूर्ती पाहून खोकं निवडा. सगळ्यात उंच उभी मूर्ती १५ सेंमीची असेल तर गुहेचं तोंड २२ ते २५ सेंमी हवं. मिक्सरच्या किंवा छोट्या ओव्हनच्या खोक्यात हे बसतं.

खोक्याची लांब बाजू उघडी करा. वरची झडप कापून टाकू नका. ती पुढे आलेलं छत होते. बाजूच्या झडपा हाताने वेड्यावाकड्या फाडा. कात्रीने कापलेली कड कितीही रंगवली तरी पुठ्ठ्याचीच दिसते. छतावर आणि बाजूंना चुरगळलेल्या वर्तमानपत्राचे गोळे चिकटपट्टीने बसवा, सगळे सारख्या आकाराचे नकोत.

यावर खडक चढवायचा तो कुरिअरच्या पार्सलातून येणाऱ्या खाकी कागदाचा. कागद चुरगळा, उघडा, पुन्हा चुरगळा; चार-पाच वेळा केलं की तो कापडासारखा मऊ पडतो. आतल्या बाजूला खळ फासून सैल अंथरा आणि घड्या बोटांनी दाबा. ताणून बसवला तर खडक न दिसता बांधलेली भेटवस्तू दिसते. खोक्याच्या आतूनही वर्तमानपत्राचा एक थर लावा. बाहेरून ओला आणि आतून कोरडा पुठ्ठा वाळताना धनुष्यासारखा वाकतो, दोन्हीकडे थर असला की ताण सारखा पडतो. एक दिवस सावलीत, मग अर्धा दिवस उन्हात. आधीच उन्हात ठेवलात तर वरून वाळून आत ओल राहते आणि आठवड्यात बुरशीचा वास येऊ लागतो.

रंगाला गेरू, उरलेला भिंतीचा रंग आणि काळ्याची चिमूट. सगळा खडक आधी गडद रंगवा. वाळला की ब्रशला पांढरा रंग घेऊन तो रद्दी कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि फक्त उंचवट्यांवरून फिरवा. सळांमध्ये काळोख आणि कडांवर उजेड राहिला की पुठ्ठा विसरला जातो.

मूर्ती नसतील तर वर्तमानपत्राचे शंकू करा: उंची १२ सेंमी, तळ ६ सेंमी, वर ३ सेंमीचा कागदाचा गोळा. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा १५ बाय २० सेंमीचा तुकडा पातळ खळीत बुडवून, दोन बोटांत निपटून शंकूवर पांघरा. चुण्या दहा मिनिटांत बसवून घ्या, नंतर हात लावू नका. रात्रभरात वस्त्र कडक होतं. सिंथेटिक कापड खळ पीतच नाही, म्हणून ते कधी कडक होत नाही. चेहऱ्यावर डोळे-नाक काढण्याचा मोह आवरा. कोरे चेहरे शांत दिसतात, चुकलेले डोळे मात्र सगळ्या देखाव्यातून नजरेत खुपतात. बाळ ४ सेंमीचं पुरे, गव्हाणीला काडेपेटीचा आतला कप्पा होतो.

खाली अंथरायला पेंढा. वसईकडे भाताची कापणी होऊन गेलेली असते, मळणीनंतरचा मूठभर मागून मिळतो. शहरात फळांच्या पेटीतलं गवत किंवा नारळाची शेंडी पिंजून घ्या. पेंढ्याजवळ मेणबत्ती किंवा पणती कदापि नको. माळेचा एखादा पिवळसर एलईडी खडकाआड लपवला की झालं.

हिरवळीसाठी करवंट्यांत नाचणी किंवा गहू पेरतात. नवरात्रात घटाभोवती धान पेरणाऱ्या घरांना ही रीत नवी नाही. गहू रात्रभर भिजवून १५ डिसेंबरला पेरला की २४ तारखेच्या रात्रीपर्यंत बोटभर उंच होतो. नाचणी बारीक आणि सावकाश वाढते, ती १०-११ तारखेला पेरावी. मूर्तींच्या मापाला तीच शोभते. करवंटीला तळाशी भोक हवंच, नाहीतर मुळं कुजतात. माती ओलसर राहील इतकंच पाणी शिंपडा. पहिले दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात आणा. अंधारात राहिलेले कोंब पिवळे आणि लांबुळके होऊन आडवे पडतात. गोठा ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत राहतो आणि गव्हाचं पहिलं पीक वर्ष संपता संपता माना टाकतं. म्हणून २२ तारखेला दोन करवंट्या आणखी पेरून ठेवा.

झाडावर टांगायला

कोकणपट्टीत सुरूची फांदी झाड म्हणून लावतात. वाळक्या पेरूची फांदीही चालते. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून उभी करा. सुटी खडी भरली तर फांदी हलत राहते.

लग्नपत्रिकांचा गोळा सगळ्यात टिकाऊ. ५ सेंमी व्यासाचं झाकण ठेवून २० वर्तुळं कापा. २० बाय १४ सेंमीच्या पत्रिकेतून आठ निघतात, म्हणजे तीन पत्रिका. कंपासमध्ये वर्तुळाची त्रिज्या तशीच धरून परिघावर सहा खुणा करा आणि एकाआड एक जोडा: ४.३ सेंमी बाजूचा त्रिकोण मिळतो. तो एकदाच जाड पुठ्ठ्यावर करून घ्या आणि प्रत्येक वर्तुळावर ठेवून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा, मग तीन कडा उभ्या दुमडा. पाच तुकडे कडेला कड लावून जोडले की एक टोपी होते. अशा दोन टोप्या. उरलेल्या दहांची पट्टी करा, एक त्रिकोण टोक वर, पुढचा टोक खाली, आणि ती वळवून कडं करा. कड्याला खालून एक टोपी लावा, वीस मिनिटं वाळू द्या. वरच्या टोपीच्या मधल्या फटीतून दोरा ओवा, आत शर्टाचं बटण बांधा आणि मगच ती बसवा. दोरा नंतर चिकटवलेले गोळे दोन-चार दिवसांत खाली येतात. शेवटची टोपी बसत नसेल तर घड्यांची रेघ कुठेतरी अर्धा मिमी सरकलेली असते. ओढून बसवू नका, ती कड उघडून पुन्हा दुमडा.

टेट्रापॅकच्या आतली चंदेरी बाजू चांदीच्या पत्र्यासारखी दिसते. खोकं उघडून साबणाने धुवा, नाहीतर झाडावर मुंग्यांची रांग लागेल. ५ सेंमी त्रिज्येचा तारा काढा. आतल्या खाचा मध्यापासून १.९ सेंमीवर येतात. मध्यापासून टोकांकडे जाणाऱ्या रेघा वर उचलून दुमडा, खाचांकडे जाणाऱ्या आत दाबा. सपाट तुकड्याला पाच धारा येतात आणि एकच दिवा पाच ठिकाणी चमकतो.

शीतपेयाच्या बाटलीचा तळ मुळातच पाच पाकळ्यांचा असतो. तळापासून दीड सेंमी उंचीवर कापलं की फूल तयार. कड धारदार असते; मंद गरम इस्त्रीवर बटरपेपर ठेवून कड क्षणभर टेकवली की ती आत वळून बोथट होते. दोन क्षण जास्त झाले की फुलाचं फोलपट होतं. अंड्यांच्या ट्रेचे खळगे कापून घंटा होतात, आत पैंजणातला सुटा घुंगरू बांधा. जुन्या काचेच्या बांगड्या लहान-मध्यम-मोठ्या अशा एकात एक लोकरीने बांधल्या तर उजेडात छान दिसतात, पण त्या खालच्या फांदीला टांगू नका. घरात रांगतं मूल असेल तर बांगड्या नकोतच.

६ जानेवारीनंतर ताऱ्याचा कागद ओल्या फडक्याने भिजवून काढून टाका. खळीच्या वासाने झुरळं आणि कसर सांगाड्यापर्यंत येतात, म्हणून कामट्याही पुसून उन्हात वाळवा. आडव्या काड्या सोडवल्या की सांगाडा सपाट होऊन कपाटामागे उभा राहतो. पाच काड्या एकत्र बांधून त्यालाच अडकवा, सुट्या ठेवल्या तर दिवाळीच्या साफसफाईत केरात जातात. गोळे आणि टेट्रापॅकचे तारे गोठ्याच्याच खोक्यात, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवावेत. खडकावर जड काही ठेवू नका.